विस्कॉन्सिनला हरणाचं मटण मिळणार आहे, सावजी जमेल का? आणि जागेचं काय करावं?

पारशिवनीवाला

नमस्कार मंडळी, येत्या नोव्हेंबरात मी आणि सौ. पोरीकडे जाऊन राहिलो, विस्कॉन्सिनला, मॅडिसन शहराच्या थोडं पश्चिमेला. जावईबापूंनी तिथं वीसेक एकर जागा घेतली आहे, अर्धी जंगल, अर्धी पडीक, मधून एक नाला वाहतो. शेजारचा माणूस जुना शिकारी आहे, दर नोव्हेंबरात तो यांच्या जागेत हरीण मारतो, रीतसर लायसन्स काढून, आणि जागा वापरू दिली म्हणून मटणाचा वाटा घरी आणून देतो. पोरीनं एकदा ते बकऱ्याच्या मटणासारखं कुकरला लावलं तर कोरडं ठाक झालं, कोणी खाल्लं नाही, आता म्हणते बाबा तुम्ही येऊन राहिले तर तुम्हीच करा. घरी रविवारचं सावजी माझ्याच हातचं असते, मसाला मीच भाजतो, पण हरणाला कधी हात लावला नाही आणि इथं राहून लावणारही नाही.

तर विचारायचं असं की तिकडच्या हरणांना कोणता तरी रोग आहे म्हणतात, ते मटण खावं का? सावजीत जमेल का, का वेगळं काही करावं लागते? आणि जावईबापूंना ती जागा हरणांसाठी चांगली करायची आहे, शेतकरी म्हणून माझा सल्ला मागून राहिले, आता मी इकडे पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफरला लागून शेती करतो, माझं अर्धं आयुष्य चितळं आणि रोही (नीलगायी) हरभऱ्यातून हाकलण्यात गेलं, त्यांना बोलावायचं कसं हे मला काय माहीत. जाणकारांनी सांगावं.

मॅडिसनचा धंतोलीकर

काका नमस्कार. मी मूळचा धंतोलीचा, इथं बरीच वर्षं झाली, शिकारही करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिले रोगाचं. तुम्ही ऐकलं ते खरं आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, इथं सगळे सीडब्ल्यूडी म्हणतात. १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये पहिल्यांदा दिसला, विस्कॉन्सिनात २००२ मध्ये सापडला, आणि तुम्ही येऊन राहिले तो मॅडिसनच्या पश्चिमेचा पट्टाच त्याचा सगळ्यात जास्त जोर असलेला आहे. हा बॅक्टेरिया नाही, व्हायरसही नाही, प्रिऑन म्हणजे बिघडलेलं प्रथिन, मॅड काऊच्याच जातीतला रोग. शिजवून, उकळून, कुकरच्या कितीही शिट्ट्या करून तो जात नाही हे नीट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे सवय अशी की खूप शिजवलं म्हणजे सगळं मेलं. माणसाला हरणापासून झाल्याची एकही खात्रीशीर केस आजवर नाही, पण सीडीसी, म्हणजे इथलं सरकारी आरोग्य खातं, स्पष्ट सांगते की पॉझिटिव्ह निघालेल्या हरणाचं मटण खाऊ नका. आणि रोग लागलेलं हरीण बराच काळ वरून धडधाकट दिसतं, डोळ्यांनी काही कळत नाही.

म्हणून तपासणी. राज्याचं खातं फुकट करून देते, मानेतल्या लसिका ग्रंथींचा नमुना घेतात, कित्येक ठिकाणी डोकं टाकायचे डबेच ठेवलेले असतात. शेजाऱ्याला एवढंच विचारा की तपासणीला दिलं का, आणि रिपोर्ट येईपर्यंत मटणाची पाकिटं त्या हरणाच्या टॅग (एका हरणाचा परवाना) नंबरानं वेगळी फ्रीजरमध्ये ठेवा. दोन हरणांचं मटण एकत्र मिसळलेलं कोणी दिलं, विशेषतः खिमा, तर घेऊ नका. मेंदू, पाठीचा कणा, डोळे, प्लीहा, लसिका ग्रंथी हे कशातच वापरायचं नाही. म्हणजे काका, भेजा फ्राय विसरा. इथले चांगले शिकारी करवतीनं हाडं कापतच नाहीत, सुरीनं हाडावरून मांस सोडवून घेतात, त्यामुळे तुम्हाला जे मिळेल ते बोनलेसच मिळेल, नळी नाही. सावजीवाल्याला हे ऐकून वाईट वाटेल पण तसंच आहे.

आता मटण कोरडं का झालं. त्यात तुमच्या पोरीचा दोष असेलच असं नाही, हरणाच्या मटणाचं अर्धं काम किचनमध्ये येण्याआधीच झालेलं असते. गोळी कुठं लागली, जनावर जागेवर पडलं का मैलभर धावलं, पोट किती लवकर साफ केलं, थंड किती लवकर झालं. मेल्यावर काही तासांत अंग ताठरते, ते सुटायला साधारण एक दिवस लागतो, त्याआधीच कापून फ्रीजरला टाकलं तर मग काही केलं तरी चिवटच राहते. जाणता माणूस शून्य ते चार अंशांत काही दिवस टांगून ठेवतो, नोव्हेंबराच्या शेवटी इथली हवाच बहुतेक तशी असते. शेजाऱ्याला विचारा टांगलं होतं का, त्याला आनंदच होईल, या लोकांना यावर बोलायला फार आवडते.

गोळीचंही सांगतो. शिशाची गोळी आत फुटते आणि बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात जातात, डोळ्याला दिसत नाहीत. जखमेच्या आसपासचं रक्ताळलेलं मांस हात राखून न ठेवता कापून फेकायचं. घरात लहान मूल असेल किंवा कोणी गरोदर असेल तर तांब्याची गोळी वापरणाऱ्याचंच मटण घ्या.

आणि एक जिवाचं. थँक्सगिव्हिंग या इथल्या नोव्हेंबरातल्या सणाच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा सीझन सुरू होतो. त्या नऊ दिवसांत सकाळी फिरायला स्वतःच्या जागेत जरी निघाले तरी भडक नारिंगी जॅकेट आणि टोपी घालूनच निघा. शिकाऱ्याला तो कायदाच आहे, कमरेच्या वरचे निम्म्याहून कमी कपडे नारिंगी किंवा भडक गुलाबी असून चालत नाही. तुम्ही शिकारी नसले तरी घालाच. काकूंची पांढरी शाल तर अजिबात नको, इथल्या हरणाची शेपटी पांढरी असते आणि पळताना तेच पांढरं उडताना दिसते.

गोळीबार चौकाची सून

भाऊ, सावजी जमते. मी काही वर्षं ऑकलंडला होते, न्यूझीलंडमध्ये हरणांचे फार्म आहेत आणि दुकानात सरळ पाकिटात मिळते, तिथं बरेचदा केलं. फार्मचं हरीण जंगलातल्यापेक्षा मऊ असते हे धरून चाला.

पहिली गोष्ट म्हणजे कोणता भाग आहे ते विचारून घ्या, सगळं एकत्र शिजवायचं नाही. पाठीच्या दोन्ही बाजूंनी लांब पट्टी निघते, इंग्लिशमध्ये बॅकस्ट्रॅप म्हणतात, ती सावजीत टाकणं म्हणजे नासाडी. तिचे बोटभर जाड तुकडे, मीठ, काळी मिरी, आलं-लसणाचा हात, कडक तापलेला लोखंडी तवा, दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं, आणि मग पाच मिनिटं झाकून ठेवा. आत गुलाबी राहते. ते चालत नसेल तर मग त्या भागाचा खिमा करा, पण पूर्ण शिजवलेली बॅकस्ट्रॅप म्हणजे वाळलेलं लाकूड. गरोदर बाईला मात्र कच्चट अजिबात देऊ नका. खिमा असेल तर तो सगळ्यांसाठीच ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजलाच पायजे.

सावजीला घ्यायचा खांदा, मान आणि पायाचा खालचा भाग. पायाचा खालचा भाग सगळ्यात चांगला, त्यात शिरा आणि पडदे असतात, सुरुवातीला पाहून वाटेल की हे काय खायचं, पण मंद आचेवर तीन-साडेतीन तासांत ते सगळं विरघळून रश्श्यात उतरते आणि रस्सा ओठाला चिकटतो, खुराच्या रश्श्यासारखा. कुकरला लावू नका, जाड बुडाच्या पातेल्यात करा, रस्सा फक्त हलका उकळत राहिला पायजे.

चरबी सगळी काढायची. बकऱ्याची चरबी आपण मुद्दाम ठेवतो, हरणाची वेगळी, थंड झाली की मेणासारखी टाळूला बसते आणि रानटी वास जो म्हणतात तो बराचसा त्यातच असतो. मांसावर चंदेरी पातळ पापुद्रा दिसेल, सुरीचं टोक त्याच्या खाली घालून पातं किंचित वर तिरपं धरायचं आणि पापुद्रा दुसऱ्या हातानं ताणत न्यायचा, पट्टीच्या पट्टी निघून येते. मऊ भागांवरून तो पूर्ण काढा, पायाच्या मटणावर राहिला तरी चालते.

मग चरबी काढली तर तर्री कशी येणार? तेल वाढवायचं, दुसरं काय. जवसाचं तेल मिळालं तर उत्तम, जुन्या हलबा कोष्टी घरांत सावजी त्यातच व्हायचं, पण तिकडे सप्लिमेंट म्हणून जे जवसाचं तेल विकतात ते कच्चं घ्यायचं असते, त्यात फोडणी देऊ नका, शेंगदाण्याचं घ्या. आणि हाडं नसल्यामुळे रस्सा पांचट लागतो, त्याला माझा उपाय असा की हलाल दुकानातून बकऱ्याच्या नळ्या आणायच्या, आदल्या दिवशी त्यांचं पाणी काढून ठेवायचं आणि हरणाचं मटण त्या पाण्यात शिजवायचं. ऑकलंडला सगळ्यांना वाटायचं की हाडासकटच केलं.

मसाला तुम्हाला सांगायची गरज नाही. फक्त खोबरं नेहमीपेक्षा कमी भाजा, ज्वारीचं पीठ थोडं कमी घ्या आणि दगडफूल जास्त, हरणाच्या मटणाला स्वतःची एक गडद चव असते, काळ्या मसाल्याखाली ती पूर्ण दाबली तर मग बकरं काय वाईट. भिवापुरी मिरची घेऊन जाच, तिथल्या तिखटात फक्त रंग असतो.

उमरेडचा शेतकरी

सगळं वाचलं, चांगलं लिहिलं सगळ्यांनी, पण मले एक समजत नाही. तिकडे माणूस आपल्या जागेत हरीण मारते, खाते, वरून त्याईले बोलवायसाठी पेरा करते. इकडे आमी तूर पेरतो अन् रात्रीतून शेंडे साफ, रोह्याचा कळप हरभऱ्यात शिरला का सकाळी पाहाले जीव होत नाही. रात्र रात्र जागल करा, फटाके फोडा, दहा मिनिटांनी परत हजर. नुकसानीचा अर्ज केला तर जे हातात पडते त्यात बियाणाचा खर्च निघत नाही. मंग आमाले काऊन परवानगी नाही? आमचं काही मांस खायचं मन नाही, पीक वाचलं पायजे बस. कोणी जाणकार असेल तर सांगा, रागानं नाही विचारून राहिलो.

सेमिनरी हिल्सचा निवृत्त वनपाल

उमरेडच्या भाऊंचा प्रश्न रास्त आहे, नोकरीत हा प्रश्न ज्यानं विचारला त्याच्या बांधावर उभं राहून मी नुकसान पाहिलेलं आहे, म्हणून उत्तर देतो.

अमेरिकेतही एकेकाळी परवानगी सरसकटच होती आणि परिणाम काय झाला तर १९०० च्या सुमारास सगळ्या देशात मिळून जेमतेम तीन ते पाच लाख पांढऱ्या शेपटीची हरणं उरली होती. हॉटेलांना आणि बाजाराला मटण विकणारे व्यावसायिक शिकारी हे त्याचं मोठं कारण. मग तिथल्या सरकारनं दोन कामं केली. विक्री बंद केली, आजही तिथं जंगलातलं हरीण मारून खाता येतं, वाटता येतं, पण विकता येत नाही. आणि १९३७ च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. आज तिथं तीन कोटींच्या आसपास हरणं आहेत, लांडगे आणि प्यूमा बहुतेक भागातून गेले, त्यामुळे माणसानं नाही मारली तर मारणारं कोणी नाही.

आपल्याकडे मारणारा आहे. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी पन्नासेक जनावरं लागतात. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा इथला वाघ चितळावर आणि सांबरावर उभा आहे, ती कमी झाली की तो तुमच्या गोठ्याकडे येतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यासाठी आहे. चितळ मारणं, त्याचं मटण बाळगणं, विकत घेणं, कोणी आणून दिलेलं खाणं, सगळं गुन्ह्यात येतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आहे. जंगलात पडलेलं शिंगसुद्धा उचलून घरी लावायचं नाही, ते सरकारचं. गावात कोणी रानातलं मटण आहे म्हणून दबक्या आवाजात विचारलं तर हात जोडून नाही म्हणा.

रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी आपल्या राज्यात वनखात्याच्या लेखी परवानगीनं मारण्याची तरतूद आहे, पण परवानगी मिळून मारलं तरी जनावर सरकारजमा होतं, घरी नेता येत नाही. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. चितळाला ती सोय नाही.

नुकसानीच्या अर्जाबद्दल, रक्कम कमी पडते हे मी नाकारणार नाही. पण कित्येक अर्ज रकमेपर्यंत पोचतच नाहीत, कारण नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत तो द्यायचा असतो आणि लोक पंधरा दिवसांनी येतात. त्याच दिवशी सकाळी मोबाईलनं फोटो काढा, तुटलेले शेंडे, खुरांचे ठसे, लेंड्या, आणि अर्जाची पोच घ्या. कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान मिळते, तुमचं गाव त्यात आहे का ते वनरक्षकाला विचारा.

सौर कुंपणच म्हणतोय, पोलवरून तार टाकून नाही. सौर कुंपणाचा यंत्रसंच क्षणभराचा झटका देतो आणि सोडतो, जनावर दचकून मागं फिरते. लाईनची तार सोडत नाही. कऱ्हांडल्याचा जय वाघ सगळ्यांना आठवतो, त्याचा बच्चा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे अशाच शेतातल्या करंटनं गेला. आणि वाघच नाही, पहाटे पाणी द्यायला गेलेले शेतकरी स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या तारेत अडकून मेलेले आहेत. कुंपण जमत नसेल तर बांधाच्या कडेनं करडईच्या पाच-सहा ओळी पेरा, काटे आले की चितळं आत घुसायला कचरतात, रानडुकराला मात्र त्याचं काही नाही.

पारशिवनीच्या भाऊंना जागेबद्दल एवढंच, ताडोब्यात नवेगाव, जामणी ही गावं उठल्यावर तिथल्या शेतांची कुरणं झाली. त्यात बी टाकण्यापेक्षा जास्त कष्ट तण काढण्याचे असतात. रायमुनिया (घाणेरी) आणि तरोटा उपटत राहायचा, मारवेल-पवन्यासारखं गवत आपोआप डोकं वर काढते. चितळाला उघडं गवत पायजे, पळायला जवळ झाडी पायजे आणि पाणी पायजे. तिकडचं हरीण वेगळं आहे, धंतोलीकर सांगतील.

पारशिवनीवाला

वनपाल साहेब, सूनबाई, धंतोलीकर, सगळ्यांचे मनापासून आभार. बकऱ्याच्या नळ्यांचं पाणी ही गोष्ट डोक्यात आलीच नसती. पोरीला तपासणीचं विचारलं, तिला माहीतच नव्हतं, आता जावईबापू शेजाऱ्याशी बोलून राहिले आणि रिपोर्ट पाहिल्याशिवाय यंदा फ्रीजर उघडायचा नाही असं ठरलं.

धंतोलीकर भाऊ, जागेचं तेवढं सांगा. जावईबापू म्हणतात मक्याची पोती आणून टाकू, ट्रॅक्टर भाड्यानं घेऊन काही पेरू. नोव्हेंबरात मी तिथं असताना काय करता येईल?

मॅडिसनचा धंतोलीकर

काका, मका आजिबात टाकू देऊ नका. एक तर तुमच्या भागात हरणांना असं चारा घालायला बंदी आहे, कारण एका ढिगावर दहा तोंडं आली की लाळेतून तोच सीडब्ल्यूडी पसरतो. दुसरं, हिवाळ्यात हरणाच्या पोटातले जंतू काड्या-कळ्या पचवायला बसलेले असतात, अचानक पोटभर मका मिळाला की पोटात आम्ल होतं आणि भरल्या पोटानं हरीण मरते. तुम्ही गुरं पाळली असतील तर गाय धान्याच्या पोत्यात घुसली की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

नोव्हेंबरात पेरून काही उगवत नाही. पण तुम्ही आहात तोवर दोन कामं होतात. पहिलं म्हणजे मातीची तपासणी, जुन्या जंगलाची माती बरेचदा आम्लधर्मी निघते आणि मग चुना टाकल्याशिवाय क्लोव्हर (बरसीमच्या जातीचा चारा) धरत नाही. दुसरं काम मोठं. जंगलात फिरा आणि बाकी सगळी पानं गळलेली असताना जे झुडूप अजून हिरवं दिसेल ते बघा, ते बकथॉर्न. बाहेरून आलेलं आहे, खाली काहीच उगवू देत नाही. वनपाल साहेबांनी रायमुनियाचं सांगितलं तसंच हे इथलं, आणि नोव्हेंबरात ओळखायला सगळ्यात सोपं. कापून बुंध्यावर लगेच तणनाशक लावावं लागते, नुसतं कापलं तर दुप्पट फुटते. तुमच्या हाताला कोयत्याची सवय आहे, जावईबापूंना दाखवा.

मग फेब्रुवारी-मार्चमध्ये, रात्री जमीन गोठते आणि दिवसा सुटते त्या दिवसांत, क्लोव्हरचं बी पडीक भागात नुसतं हातानं फेकायचं. नांगर नाही, ट्रॅक्टर नाही, जमीन उकलते-मिटते त्या भेगांमध्ये बी आपोआप खाली जाते. हे जमायला गवत आधी दाट नको, म्हणून शरदातच कापून ठेवायचं. एखाद-दीड एकर पुरे, सगळी जागा पेरायची गरज नाही.

ओकची झाडं कोणती ते बघून घ्या. व्हाइट ओकचं फळ कमी तुरट असते, हरणं आधी तेच खातात. त्याच्या भोवती गर्दी करणारी बाकी झाडं काढली, त्याला ऊन मिळालं, की फळ वाढते. नवीन रोपं लावली तर प्रत्येकाला जाळी, नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात शेंडा जाईल, हे तुम्हाला मी काय सांगू.

आणि शेवटी जे इथल्या लोकांना पटायला सगळ्यात जड गेलं ते, माद्या मारणं. मादीला चांगला चारा असला तर बहुधा जुळं होतं, चारा वाढवत गेलं आणि फक्त मोठ्या शिंगाचा नर मारत बसलं तर काही वर्षांत जंगलात हरणाच्या तोंडाच्या उंचीपर्यंत एक हिरवं पान उरत नाही. मॅडिसनच्याच विद्यापीठात आल्डो लिओपोल्ड नावाचे वन्यजीवांचे अभ्यासक होते, त्यांनी १९४० च्या दशकात हे सांगितलं तर लोक त्यांच्यावर तुटून पडले होते. शेजाऱ्याला सांगा की यंदा टॅग असेल तर मादी घ्या. मटणही तिचंच मऊ असते, साधारण वीस-पंचवीस किलो बोनलेस निघते, तुमच्या सावजीला भरपूर.

गोळीबार चौकाची सून

भाऊ, मसाला घरून नेताना अख्खा नेऊ नका, भाजून दळून सीलबंद पाकिटात न्या आणि विमानतळावरच्या फॉर्मवर खाण्याचं सामान आहे म्हणून लिहा. लपवलं तर दंड होतो. आणि येताना मटण आणायचा विचार कोणी करत असेल तर नको, भारतात मांस आणायला वेगळा आयात परवाना लागतो.

पारशिवनीवाला

लिहून घेतलं ताई. मिरची भिवापूरहूनच आणून राहिलो, पुढच्या आठवड्यात. उमरेडचे भाऊ, तुमचं गाव योजनेत असेल तर सौर कुंपणाचा अर्ज मी भरून देतो, आमच्याकडे केला आहे, कागदपत्रं माहीत आहेत. इथंच मेसेज करा.